पुढच्या दाराने तीळ, मागच्या दाराने टील

नीलिमाताई प्रधान आमच्या घरी पहिल्यांदा आल्या त्या आठ मेलेली बदकं घेऊन. आणि तेही संक्रांतीच्या हळदीकुंकवाला!

दोष कुणाचा म्हणाल तर वाऱ्याचा. त्या वर्षी आयर्लंडमधल्या आमच्या लिमरिकच्या झाडून सगळ्या एशियन दुकानांत तीळ संपले होते. मी मंडळाच्या ग्रुपवर आरडाओरडा केला, तेव्हा कुणीतरी नंबर पाठवला, 'प्रधानबाईंना विचार, त्यांच्याकडे काय वाट्टेल ते असतं.' फोन लावला, तर पलीकडे नुसता वारा घोंघावत होता.

"तीळ मिळत नाहीयेत हो कुठेच!" मी ओरडले.

"मिळत नाहीयेत? अगं, इथे भरपूर आहेत! किती हवेत?"

"अर्धा किलो पुरे."

"अर्ध्या किलोत काय होतंय तुमचं? मी आणते अंदाजाने. साफ करून आणू ना?"

"अय्या, साफ करूनसुद्धा? देवच पावला!"

"आणि भाजून आणू की कच्चेच?"

"भाजूनच आणा," मी म्हणाले. म्हणजे बघा, चूक दोघींपैकी एकीचीही नाही.

हळदीकुंकवाच्या दिवशी एक ठेंगणी, गोरी, साठीच्या जवळपासची बाई दारात उभी राहिली. मोरपंखी काठापदराची साडी, कपाळाला ठसठशीत कुंकू आणि हातात हा एवढा मोठा स्टीलचा डबा. मी गुळाचा पाक गॅसवर ठेवूनच बाहेर आले होते. कौतुकाने सगळ्यांदेखत डबा उघडला. आत छान खरपूस भाजलेले, दोऱ्याने पाय बांधलेले आठ पक्षी ओळीने निजले होते. खोलीत अशी शांतता पसरली की स्वयंपाकघरातला पाक उकळताना ऐकू आला. मग कोल्हापूरहून आलेल्या कुणाच्या तरी सासूबाई पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "आगं बया, तिळाला पाय फुटलं की!"

टील म्हणजे दोन तळव्यांत मावेल असं छोटं रानबदक. थंडीत ती शॅनन नदीच्या खाडीत थव्यांनी उतरतात. हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मला इथली बदकं म्हणजे तळ्यातली, पाव खाणारी, एवढीच माहिती. त्यातून माझं माहेर पिढ्यानपिढ्यांचं शाकाहारी. मला घेरी यायची बाकी होती. नीलिमाताईंनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग त्या हसायला लागल्या, त्या भिंतीला टेकून खाली बसेपर्यंत हसत राहिल्या.

"तीळ! तीळ म्हणत होतीस होय! आणि मला वाटलं, चला, लिमरिकात एक तरी बाई शहाणी निघाली!"

दुसरी एखादी असती तर ओशाळून डबा घेऊन निघून गेली असती. ह्यांनी पदर खोचला, डबा उचलला आणि मागच्या दाराने गॅरेजमध्ये नेला. तिथे आमचे नवरे हळदीकुंकू संपायची वाट बघत बसले होते. अर्ध्या तासात डबा चाटूनपुसून परत आला. तेव्हापासून आमच्याकडे दर संक्रांतीला तोच रिवाज पडला. पुढच्या दाराने तीळ, मागच्या दाराने टील.

ह्या बाईला बंदूक कुणी दिली, असा प्रश्न मला पडला होता. मी विचारलाही. त्या म्हणाल्या, "नवरा गेल्यावर बायका भजनाला लागतात. मी नेमबाजीला लागले." एवढंच. त्यापुढे प्रधानसाहेबांचा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मीही खोदलं नाही. दुसऱ्या एकदा म्हणाल्या, "आयुष्यभर पिशवीतलं चिकन आणून शिजवलं गं. एक दिवस वाटलं, आपण खातोय कोणाला ते एकदा तोंड बघून खावं." मग बाई खाडीकाठच्या एका शेतकऱ्याकडे गेल्या. मिक त्याचं नाव. सत्तरीचा गडी, तोंडात दात मोजके आणि शब्द त्याहून मोजके. त्याच्याच जमिनीवरून खाडीत उतरायची वाट आहे. मिकने त्यांना क्लबात नेलं, नेम शिकवला, चिखलात पाय कसा टाकायचा ते शिकवलं. परवान्यासाठी गार्डा, म्हणजे इथला पोलीस, घरी बंदुकीचं कपाट तपासायला आला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. ह्यांनी त्याला आधी आल्याचा चहा पाजला, मग देवघर दाखवलं आणि शेवटी प्रेस. गार्डा जाताना कुंकवाकडे बघत म्हणाला म्हणे, "यू आर ग्रँड, मिसेस प्रधान."

नीलिमाताईंची नोकरी होती ती मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात, क्वालिटीमध्ये. मायक्रोस्कोपखाली बारीक नळ्या बघायच्या आणि जरा कुठे खोट दिसली की अख्खी बॅच बाद. "माझा पगार 'नाही' म्हणण्याचा आहे," असं त्या सांगायच्या. त्यांच्यापुढे मोठमोठे मॅनेजर हात जोडायचे, डेडलाइनची रड गायचे. बाई ढिम्म हलायच्या नाहीत.

घरात माणूस म्हणाल तर बंड्या. बंड्या हा स्पॅनियल जातीचा कुत्रा, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके आणि कान जमिनीला टेकणारे. त्याचं सगळं शिक्षण मराठीतून झालेलं. 'बस' म्हटलं की बसणार, 'आण' म्हटलं की पक्षी आणणार, 'सोड' म्हटलं की हातात अलगद सोडणार. आमची इथली पोरं! मराठीत विचारावं तर उत्तर लिमरिकच्या इंग्रजीत. बंड्या निदान शेपूट तरी मराठीत हलवायचा.

"खात नाहीस ते ठीक आहे, पण बघ तरी," असं म्हणून एकदा त्या मला खाडीवर घेऊन गेल्या. नोव्हेंबरातली पहाट. हाडं गोठवणारी थंडी, गुडघ्याएवढा चिखल, चहूकडे बोरू आणि ओहोटीचं पाणी. ओढ्याच्या पलीकडच्या काठाला मिक. मी मनातल्या मनात त्यांना आणि स्वतःला शिव्या घालत होते. नीलिमाताई मात्र अशा उभ्या की त्या बोरूतल्याच एक झाल्या होत्या. उजाडायला लागलं तसे आवाज सुरू झाले. वरून कुणीतरी शीळ घालत गेलं. "विजन," त्या पुटपुटल्या. तेही रानबदकच, टीलपेक्षा थोराड. मग मांजरपाट टर्रकन फाडावं तसा आवाज झाला. "हे आपले टील." त्यांनी वर बघितलंसुद्धा नव्हतं!

थवा आला. बंदूक खांद्याला लागली, नळी पक्ष्याबरोबर फिरली. मी कान झाकून घेतले. बार झालाच नाही. बंदूक खाली आली.

"सोडला," त्या म्हणाल्या.

दुसरा आला. तोही सोडला. तिसरा तर माझ्या डोक्यावरून गेला, मला त्याचं पोट दिसलं. तोही सोडला. माझी बोटं बधिर झाली होती. मी वैतागून विचारलं, "अहो ताई, बघताय तरी काय?"

"डोळा," त्या म्हणाल्या. "पंख दिसला, मान दिसली, तरी बार टाकायचा नाही. पक्ष्याचा डोळा दिसला की मगच. डोळा दिसला म्हणजे तो टप्प्यात आहे, जागच्या जागी जाईल. लांबून टाकलास तर बिचारा जखमी होऊन कुठेतरी कुढत मरणार. आणि डोळ्यात बघायची हिंमत नसली, तर सुपरमार्केट आहेच की!"

मग एक बार झाला, एकच. पक्षी दगडासारखा खाली आला. "आण," त्या हळूच म्हणाल्या आणि बंड्या पाण्यात शिरला. आला तो तोंडात टील धरून. "सोड." त्यांनी तो ओंजळीत घेतला. अजून गरम होता. पंखावर हिरव्या रंगाचा एक पट्टा होता, असा हिरवा मी पैठणीवरही पाहिला नव्हता. त्यांनी दोन बोटांनी त्याची विस्कटलेली पिसं सारखी केली, अगदी पाहुण्याच्या पोराचे केस सारखे करावेत तशी. मला रडू आलं. राग यायला हवा होता, तो येईना. खरं सांगते, मी त्या बाईसमोर त्या क्षणी मनातून वाकले.

पक्षी मिळाला म्हणजे काम संपलं, असं आपल्याला वाटतं. त्यांचं तिथून सुरू व्हायचं. त्यांच्या गॅरेजमध्ये चार-पाच दिवस पक्षी मानेला दोरी बांधून टांगलेले असायचे. मग एका शनिवारी पाट मांडून बैठक. मी खात नाही, पण त्या बैठकीला जायची सवय मलाही लागली. पिसं काढायला बसायचे, विश्वास ठेवा! छातीपासून सुरुवात, थोडी थोडी पिसं चिमटीत धरायची, घाई केली की कातडी फाटते. खालची बारीक लव निघत नाही, म्हणून पातळ केलेल्या मेणात पक्षी बुडवायचा आणि मेण गार झालं की सालीसारखं सोलायचं. उरलेलं गॅसवर, वांगं भाजतो तसं. शेपटीच्या बुडाशी तेलाची एक गाठ असते, ती विळीवर नेमकी उडवायची. "ही राहिली ना, तर शेजारपाजारचे घर सोडून जातील," असं त्या दर वेळी सांगायच्या, मी पहिल्यांदाच ऐकतेय अशा थाटात.

पोट साफ करताना त्या पोटातली पिशवी चिरून बघायच्या. आत धान्य निघालं की खूश. "मिकच्या शेतातून जेवून आलाय, गोड लागणार." शिंपल्यांची कच निघाली की पक्षी मिठाच्या पाण्यात आणि मग चिंचेच्या कोळात. "पाहुणा आधी काय खाऊन आलाय ते बघितल्याशिवाय स्वयंपाक कसा ठरवायचा?" मोठ्या बदकाला लसूण, मिरी, चिंच, खडा मसाला आणि मंद आच. टीलला मात्र फक्त मीठ-मिरी, कडकडीत तापलेला लोखंडी तवा आणि चार मिनिटं. मग झाकण ठेवून गप्प बसायचं. तेवढा वेळ कुणी त्यांच्याशी बोललेलं त्यांना खपत नसे. वाढण्याआधी बोटांनी दाबून दाबून छर्रे शोधायच्या. सापडलेला छर्रा वाटीत टणकन पडायचा.

जेवताना फोन बंद. पानात काही टाकायचं नाही. आमचे सुहासराव, म्हणजे माझे यजमान, एकदा गप्पांच्या नादात एक तंगडी तशीच ठेवून हात धुवायला उठले. नीलिमाताईंनी शांतपणे विचारलं, "ही कोणासाठी ठेवलीत?" आवाज चढला नाही की भुवई हलली नाही. सुहास परत बसले आणि त्यांनी हाड पांढरं होईपर्यंत खाल्लं. पोराबाळांना ओरडणारा माणूस, पण त्या दिवशी शाळेतल्या मुलासारखा निमूट जेवला.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला गाडी चालवायला बोलावायला सुरुवात केली. "पहाटेच्या हेडलाइटचा त्रास होतो गं हल्ली." मीही म्हटलं, वय झालं, होणारच. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

त्याच नोव्हेंबरातल्या एका सकाळी मी काठावर थर्मास घेऊन बसले होते. खाडीतून एक बार ऐकू आला आणि पाठोपाठ नीलिमाताईंचा आवाज, "आण! बंड्या, आण!" त्या कधी ओरडायच्या नाहीत. मी धावत बांधावर गेले. विजन पडला होता, पण ओढ्याच्या पार, पंख मोडून. पाण्यात धडपडत तो बोरूत शिरला. बंड्या गेला आणि रिकाम्या तोंडाने परत आला. भरती सुरू झालेली. नीलिमाताई सरळ ओढ्यात उतरल्या. पाणी कमरेपर्यंत आलं, तरी बाई पुढेच. मिक पलीकडून बोंबलतोय, "नीला! कम आउट ऑफ इट!" मी अलीकडून किंचाळतेय. त्या एका दलदलीच्या उंचवट्याला धरून उभ्या राहिल्या, बोरूकडे बघत राहिल्या आणि मग मागे फिरल्या. मला वाटलं, सुटलो बाई एकदाच्या.

कसलं काय! ओल्या कपड्यांनिशी त्या मिकच्या गोठ्यात बसून राहिल्या. चहा घेतला नाही, घरी येईनात. दुपारी ओहोटी लागली तशा पुन्हा उतरल्या, बंड्याला घेऊन. ह्या खेपेला मिकही मागोमाग गेला. बोरूच्या मुळाशी बंड्याला तो सापडला. जिवंत होता. नीलिमाताईंनी त्याला हातात घेतलं आणि क्षणात मान पिरगळून वेदनांतून मोकळं केलं. पिशवीत टाकला नाही, गाडीत मांडीवर घेऊन बसल्या.

वाटेत त्या म्हणाल्या, "मंजू, डोळा दिसला नव्हता. दिसला असं मी धरून चालले."

"अहो, होतं एखाद्या वेळी."

"कामावर मला असं कुणी म्हटलं, तर मी काय करते?"

काय करतात ते मला ठाऊक होतं. त्या बॅच बाद करतात.

डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याच्या नेमकं मधोमध धूसर झालंय, कडा शाबूत आहेत. जे गेलं ते येणार नाही. म्हणजे बंदुकीमागून ज्या जागी बघायचं, नेमकी तीच जागा गेलेली. मला देवाचा इतका संताप आला, की मी डॉक्टरांच्या जिन्यातच रडले. बाई मलाच रुमाल देत होत्या.

मिकने ऐकलं आणि म्हणाला, डावा डोळा आहे की, डाव्या खांद्यावर शिका, कितीतरी जण मारतात तसं. त्याच्यासाठी म्हणून त्यांनी अख्खा डिसेंबर डाव्या खांद्याने सराव केला. हवेत मातीच्या तबकड्या उडवायच्या आणि फोडायच्या. फोडायलाही लागल्या. मिक हरखून मला सांगायचा, "शी इज ग्रँड! शी इज फ्लाइंग!" क्लबातले लोक टाळ्या वाजवायचे. मलाही वाटलं, जमलं.

डिसेंबरच्या शेवटी त्यांनी बंदूक दुकानदाराला परत दिली.

"अहो, पण फोडत होतात ना सगळ्या?" मी भांडलेच त्यांच्याशी.

"मातीच्या तबकडीला डोळा नसतो गं," त्या म्हणाल्या.

त्या दिवशीचा तो विजन त्यांनी साफ केला होता, शिजवला होता आणि एकटीने बसून खाल्ला होता. आम्हाला बोलावलं नव्हतं.

बंड्याला मात्र घरी डांबून ठेवलं नाही. शनिवारी तो मिकबरोबर जायला लागला. पहिल्या शनिवारी मिकने 'फेच' म्हणून बघितलं, इंग्रजीत सगळं म्हणून बघितलं. बंड्या ढुंकून बघेना. शेवटी म्हातारा नीलिमाताईंच्या ओट्याशी शिकवणीला बसला. पुढच्या शनिवारी आम्ही दोघी बांधावर उभ्या होतो, तर खाडीच्या पार, धुक्यातून आवाज आला, "आन! बँड्या, आन! गुड मॅन! सोद! सोद!" त्या कर्माच्या चिखलात एक आयरिश शेतकरी घसा फोडून मराठी बोलत होता. आम्ही हसून हसून बेजार झालो. हसता हसता ताईंनी चष्मा काढून पुसला, आणि तो त्या पुसतच राहिल्या.

मग ह्या वर्षीची संक्रांत आली. गॅरेजमध्ये सगळे नवरे खुर्च्या मांडून बसले होते. नेहमीच्या आशेने, दुसरं काय! कुणी विचारायला धजत नव्हतं. मिक पक्षी आणून द्यायला तयार होता, पण त्यांनी नको म्हटलं होतं. मी मागचं दार नुसतंच लोटून ठेवलं होतं.

नीलिमाताई पुढच्या दाराने आल्या. तीच मोरपंखी साडी, हातात तोच डबा. त्यांनी तो माझ्या हातात दिला. मी उघडला. आत तिळाच्या वड्या होत्या, एकसारख्या कापलेल्या, वर खोबरं भुरभुरलेलं.

"ह्या वर्षी तीळच गं," त्या म्हणाल्या. "भाजून आणलेत."

कुणीतरी हसलं, मग सगळ्याच हसल्या. मला हसता येईना. मी त्यांना हळदीकुंकू लावलं, तर कुंकू नाकावर सांडलं.

बायका गेल्या तेव्हा दिवस मावळत आला होता. नीलिमाताई बंड्याला घेऊन मागच्या अंगणात उभ्या होत्या. आमच्या घरामागून नदी फार लांब नाही. मी कप गोळा करत खिडकीशी आले, तर बंड्याने मान वर केली. पाठोपाठ मांजरपाट फाडल्यासारखा आवाज आला. मलाही आता तो ओळखू येतो. टील आले होते, आमच्या कौलांवरून, अगदी कमी उंचीवरून. मला खिडकीतून प्रत्येकाची मान दिसत होती, चोच दिसत होती. आणि शेवटचा वळला तेव्हा त्याचा डोळाही दिसला.

नीलिमाताईंचे दोन्ही हात वर आले. डावा पुढे, उजवा गालाशी, मध्ये काही नाही. आवाजाबरोबर त्या कमरेतून फिरल्या, थेट त्या शेवटच्या पक्ष्याबरोबर, तसूभरही मागेपुढे नाही. चेहरा त्याच्याकडे होता, डावा डोळा मिटलेला, आणि उजव्याला तो दिसत नव्हता. मग हात सावकाश खाली आले.

"सोडला," त्या बंड्याला म्हणाल्या, आणि मागच्या दाराने आत आल्या.